पहिली मूठ

दिवाळी सरली की आमच्या गावात थंडीची तयारी बायका करतात आणि हुरड्याची तयारी व्यंकटराव. बायका वाकळा उन्हात टाकणार, फाटल्या जागी जुन्या लुगड्याची ठिगळं लावणार, गोवऱ्यांचा उडवा रचून वरून शेणानं लिंपणार, मेथीचे लाडू वळणार. व्यंकटराव ह्यातल्या कशालाही हात लावत नसत. ते विहिरीकडच्या गूळभेंडी ज्वारीच्या तुकड्याभोवती फिरत, कणीस हातात घेऊन दाणा नखानं दाबून बघत आणि घरी येऊन दमल्यासारखे बसत.

हुरडा म्हणजे काय, कणीस विस्तवात घातलं आणि चोळलं, असं ज्याला वाटतं त्यानं ते व्यंकटरावांसमोर बोलू नये. दाणा दुधात किती असावा, गोवरी कोणत्या म्हशीची असावी, चोळताना तळहात कसा फिरवावा, ह्यावर ते झरीच्या बाजारात उभ्या उभ्या तासभर बोलू शकत. आणि खरं सांगायचं तर त्यांचा हुरडा होताच तसा. जे आहे ते आहे.

पहिली मूठ चोळून झाली की त्यातले चार दाणे आगटीत टाकायचे, आणि बाकी मूठ पाहुण्याच्या तळहातावर ठेवायची, अशी त्यांची रीत. हा मान दर वर्षी माधवरावांचा. माधवराव त्यांचे शाळासोबती, परभणीला कोर्टात शिरस्तेदार. ते मूठ तोंडात टाकत, डोळे मिटत, सावकाश चावत. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसत. मग डोळे उघडून ते म्हणत, "व्यंकटराव, अख्ख्या जिल्ह्यात असा हात न्हाई." बस. ह्या एका वाक्यावर व्यंकटरावांचं पुढचं वर्ष निघत असे. पीक बुडो, बैल मरो, कुणी काही बोलो, जिल्ह्यात असा हात नव्हता.

कमलबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, तेव्हा मागे पाट्यावर चटणी वाटत असत.

त्या वर्षी कृषी विद्यापीठानं बायकांसाठी अळंबीचं शिक्षण काढलं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होत होते, गाड्या कधी निघत कधी नाही, म्हणून ते दोनदा पुढं ढकललं गेलं. तिसऱ्यांदा कमलबाई गेल्या. "जाऊ दे, चार दिवस हवापालट," असं व्यंकटराव पारावर म्हणाले. कमलबाई परत आल्या त्या गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेल्या पांढऱ्या बियाण्याच्या पिशव्या घेऊन, आणि आल्या आल्या त्यांनी घरातल्या खोल्या बघायला सुरुवात केली. त्यांना थंड, अंधारी, वारा बेताचा असलेली खोली पाहिजे होती. तशी खोली घरात एकच होती, आणि तिच्यात व्यंकटरावांच्या हुरड्याच्या निवडक गोवऱ्या होत्या.

संध्याकाळी ते घरी आले तर गोवऱ्या गोठ्याच्या वळचणीला.

"हे काय करायलीस?" ते म्हणाले.

"खोली धुवायलेय," कमलबाई म्हणाल्या. "गोवऱ्या काय, कुटंबी ऱ्हातात. धिंगरीला सावली लागती."

"कोन धिंगरी?"

"अळंबीचं नाव हाय ते."

नाव ऐकूनच व्यंकटरावांचं तोंड कडू झालं. त्यांच्या लेखी ती कुत्र्याची छत्री होती, उकिरड्यावर उगवणारी, पोरंसुद्धा पायानं उडवतात ती.

खरी ठिणगी पडली ती आंघोळीच्या पाण्यावरून. धिंगरीला भूस लागतं, आणि ते भूस रात्रभर भिजवून कडकडीत पाण्यातून काढावं लागतं. घरात पाणी तापवायचा हंडा एकच. पहाटे कमलबाई चूल पेटवत, हंड्याला आधण आलं की ते भुसावर ओतत आणि मग पुन्हा हंडा भरून ठेवत. तो तापेपर्यंत व्यंकटरावांना धीर नसे. ते धोतर खोचून न्हाणीत उभे राहत, अंगावर काटा आलेला, आणि शेजारी घमेल्यात गव्हाचं भूस वाफा सोडत आरामात पडलेलं.

"माझ्या बापाच्या रानातला गहू, त्याचं भूस, अन् आंघोळ त्याला आधी!" असं ते दातावर दात वाजवत म्हणाले.

"तुमाला कोमट चालतंय," कमलबाई म्हणाल्या. "भुसाला न्हाई चालत."

भूस निथळून, पिशव्यांमध्ये थरावर थर देऊन, मध्ये बियाणं पेरून कमलबाईंनी तोंडं बांधली आणि पिशव्या आढ्याला शिंक्यासारख्या टांगल्या. दाराला अंधारासाठी जुनी वाकळ लावली. ती वाकळ व्यंकटरावांच्या अंगावरची होती. तिच्या जागी त्यांना नवी मिळाली, जास्त जाड आणि उबदार. पण ती आपली नाही, असं त्यांना रोज झोपताना वाटे. कमलबाई दिवसातून तीनतीनदा त्या खोलीत जात, वाकळ सारून आत शिरत, आणि बराच वेळ बाहेर येत नसत. एकदा व्यंकटरावांनी दाराशी कान लावला. आत त्या हळू आवाजात म्हणत होत्या, "बस, बस, थोडं ऱ्हायलं आता." इतक्या मऊ आवाजात त्या त्यांच्याशी लग्नाच्या वर्षी बोलल्या असतील. तेही त्यांना नीट आठवेना.

मग पिशव्या पांढऱ्याफेक झाल्या. कमलबाईंनी प्लास्टिक कापून काढलं, भिंतींना ओलं गोणपाट लावलं, आणि एका सकाळी भुसाच्या अंगातून झुपकेच्या झुपके बाहेर आले, शिंपल्यांच्या आकाराचे, मोतिया रंगाचे. सगळी आळी बघायला आली. त्यांच्या शेजारणीनं, सुलाबाईनं, तर गालावर हात ठेवला तो तसाच. त्यानंतर रोज कुणी ना कुणी. झरीच्या बायका आल्या, वालूरची कुणी मास्तरीण आली, विद्यापीठाचे दिनकरराव मोटारसायकलवर आले आणि "ताई, इतकं चांगलं पीक आमच्याकडंसुद्धा आलं नाही," असं म्हणून वरून चहा पिऊन गेले. एके दिवशी रेडिओच्या शेतीच्या कार्यक्रमात कमलबाईंचं नाव आलं. "श्रीमती कमलबाई व्यंकटराव," असं. व्यंकटरावांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा रेडिओवर आलं ते बायकोच्या शेपटाला, आणि तेही सांगणाऱ्यानं घाईत अर्धं गिळलं.

माणूस वाईट नव्हता. पण मत्सर काही माणूस बघून येत नाही. त्यांना जेवण जाईना. पारावर कुणी हसलं की ते आपल्यालाच हसतात असं वाटे. फाट्यावर एका परक्या माणसानं त्यांनाच विचारलं, "ते कमलबाईंचं घर कुठं आलं हो?" ज्या घराला तीन पिढ्या व्यंकटरावांच्या घराण्याचं नाव होतं, ते घर त्यांनी हात करून दाखवलं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

तो माणूस गेल्यावर ते भुजंगच्या हॉटेलात चहाला बसले. फाट्यावरचं हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक स्टोव्ह. पण बसमधून उतरणारा प्रत्येक जण आधी तिथं टेकणार. भुजंग म्हणाला, "काय काका, काकूंचं लय नाव झालंय."

"नाव झालंय खरं," व्यंकटराव म्हणाले. बशीत चहा ओतला. "पन बियाणं कशाचं असतंय, ते कोन इचारतंय?"

"कशाचं असतंय?"

आता ह्या घटकेपर्यंत त्यांच्या डोक्यात काही नव्हतं. पण शेताला हाडांचं खत घालतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि जीभ तिथंच गेली. "हाडाचा चुरा," ते हळूच म्हणाले. "त्याबिगर इतकं फोफावंल का? भुसात काय ताकद हाय?"

भुजंगनं स्टोव्हची हवा सोडली. ह्या घराला तीन पिढ्यांची माळ. वशाटाचा, मटणमाशाचा, वाससुद्धा त्या अंगणात कधी आला नव्हता. "काय सांगता, काका!" तो म्हणाला.

"मी काय सांगितलं न्हाई," असं म्हणून व्यंकटराव उठले, आणि कित्येक दिवसांनी त्या दिवशी त्यांना नीट भूक लागली.

आठवड्याच्या आत बायकांचं येणं बंद झालं. सुलाबाई अंगणापर्यंत येई, पण ओट्यावर चढत नसे, आणि पाणी विचारलं तर "आत्ताच पिऊन आले" म्हणे. कमलबाईंनी तिला एकदा विहिरीवर गाठलं.

"माझ्या घराला काय झालंय गं?"

सुलाबाईनं दोर अर्ध्यात थांबवला. "बाई, मला काय बी म्हनू नको. बियाण्यात हाड असतंय म्हनं. तुज्या मालकांनीच सांगितलंय भुजंगच्या हाटेलात. घरचाच मानूस सांगायलाय, मग खोटं कसं असंल?"

कमलबाईंनी घागर भरली, कमरेवर घेतली आणि घरी आल्या. व्यंकटरावांना त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आंघोळीचं पाणी नुसतं विहिरीतून काढल्यासारखं होतं, एवढंच. व्यंकटरावांना वाटलं, थंडी वाढली.

पौषात गूळभेंडी भरली. माधवरावांचा निरोप आला, रविवारी येतो, बायकोला, हेमालाही आणतो. व्यंकटरावांनी आगटीचा खड्डा स्वतः खणला, गोठ्याच्या वळचणीच्या गोवऱ्या स्वतः निवडल्या. दह्याला विरजण लागलं, गूळ फोडला गेला, हरभऱ्याचे ढाळे उपटून आणले गेले. खरं तर त्या दिवसांत त्यांचा जीव नुसता त्या रविवारावर टांगला होता. घराला कुणी काहीही नाव देवो, रविवारी माधवराव डोळे मिटणार, उघडणार आणि ते वाक्य म्हणणार. मग सगळं जागच्या जागी बसणार. कमलबाईही येणार होत्या. चटणी त्यांनी घरूनच वाटून घेतली होती आणि बरोबर एक झाकलेली दुरडी घेतली होती.

"तिच्यात काय?" व्यंकटरावांनी विचारलं.

"माझं," कमलबाई म्हणाल्या.

पाहुणे उशिरा आले. बस फाट्यावर वेळेत आली होती, पण ते भुजंगकडं चहाला थांबले होते. हे ऐकून व्यंकटरावांना आपलं भुजंगकडचं बोलणं आठवलं. पण आगटी पेटलेली, कणसं तयार, दुसरं काही सुचायला वेळ नव्हता. माधवरावांच्या गळ्यात नवी तुळशीची माळ होती. गेल्या चैत्रातच घातली होती त्यांनी. नव्या माळकऱ्याला शिवाशिवीची धास्ती जुन्यापेक्षा जास्त. ते घोंगडीवर बसले ते अंग चोरून, आणि कमलबाईंनी पुढं केलेला पाण्याचा तांब्या हेमाबाईंनी तसाच खाली ठेवला.

व्यंकटरावांनी कणसं विस्तवात सारली. दाणा फुटल्याचा बारीक आवाज आला तशी ती बाहेर ओढली, गरम असतानाच तळहातात धरून चोळली, फुंकर घालून फोल उडवलं. हिरवा, लुसलुशीत, वाफाळता हुरडा. त्यातले चार दाणे त्यांनी आगटीत टाकले आणि मूठ माधवरावांपुढं धरली.

माधवरावांनी हात जोडले.

"व्यंकटराव, माफ करा. ह्या वर्षी न्हाई."

"कामून?"

"आता मी माळकरी. अन् तुमच्या घरात..." ते थांबले. "ते हाडाचं बियाणं म्हणे. फाट्यावर सगळे तेच बोलायलेत."

व्यंकटरावांची मूठ तशीच पुढं. तिच्यातली वाफ कमी होत चालली होती. "घरात असंल ते असंल," ते घाईनं म्हणाले. "हा तर रानातला हुरडा. रानाचा अन् घराचा काय संबंध?"

"चटणी घरातलीच की," हेमाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "अन् हातबी घरचेच."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. व्यंकटरावांच्या कपाळाला त्या थंडीत घाम फुटला. "आवो, तसं कायबी न्हाई," ते म्हणाले. "बियाणं गव्हाच्या दाण्यावर करत्यात. नुसता गहू. हाड-बिड सगळी अफवा हाय."

"अफवा?" माधवराव म्हणाले. कोर्टातला माणूस, सवयीनं पुढचा प्रश्न आलाच. "उठवली कोणी?"

कमलबाई काडीनं आगटीतली राख सारत होत्या. व्यंकटरावांनी त्यांच्याकडं बघितलं, आणि कमलबाईंनी वर बघितलं त्यावरून त्यांना कळलं की हिला ठाऊक आहे. सगळं ठाऊक आहे, आणि आजचं नाही, केव्हाचं. आता ही बोलणार, आणि मग माधवरावांसमोर आपली इज्जत ह्या राखेत.

"गावात कोन ना कोन जळतंच, भावजी," कमलबाई म्हणाल्या. "नाव घेऊन काय करायचं?"

माधवरावांचं समाधान झालं नाही. "बरं, अफवा तर अफवा. पण व्यंकटराव, तुमी स्वतः खाल्लंय का ते?"

व्यंकटरावांनी खाल्लं नव्हतं. एकदाही नाही. घरात रोज शिजत होतं, आणि ते रोज "मला पित्त हाय" म्हणून ताट सारत होते.

"बघा," माधवराव म्हणाले. "घरचाच मानूस खाईना, तर आमी काय समजायचं?"

कमलबाई उठल्या. दुरडीवरचं फडकं काढलं. आत सकाळीच खुडलेले धिंगरीचे झुपके होते. त्यांनी विस्तव एका बाजूला ओढला, बरोबर आणलेला तवा त्यावर ठेवला, तेलाचे दोन थेंब, ठेचलेली मिरची, मीठ. आणि हातानं फाडून धिंगरी टाकली. वास सुटला. मातीचा, पहिल्या वाफेचा, भाजल्या खोबऱ्याच्या जवळचा असा काहीतरी वास होता तो, आणि वशाटाचा मुळीच नव्हता. हेमाबाईंनी मान पुढं केली. कमलबाईंनी त्यातले चार तुकडे आगटीत टाकले, अगदी व्यंकटरावांसारखेच, आणि मूठभर धिंगरी पळसाच्या पानात घेतली. ती माधवरावांना दिली नाही, हेमाबाईंनाही नाही. व्यंकटरावांपुढं धरली.

"घ्या."

त्यांच्या एका हातात गार होत चाललेला हुरडा होता. दुसऱ्या हातानं त्यांनी पान घेतलं. तिघं बघत होते. त्यांनी डोळे मिटून घास तोंडात टाकला. ते चव घ्यायला नव्हतं, गिळता यावं म्हणून होतं.

आणि गिळवलं नाही, कारण चावावंसं वाटलं. मऊ होतं, आणि मऊ असून दाताला लागत होतं. मिरचीच्या मागून एक गोडसर चव येत होती. वाईट असतं तर किती बरं झालं असतं! ह्या चवीचा त्यांना इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"कसं हाय?" माधवरावांनी विचारलं.

व्यंकटरावांना खोटं बोलता आलं असतं. पण आता खोटं बोललं तर हातातली मूठ हातातच राहणार होती. "चांगलं हाय," ते म्हणाले. मग बळेच, जणू कुणी कान पिळतंय, "लय चांगलं हाय. शुद्ध हाय. माझ्या घरात वशाट न्हाई, कधी नव्हतं."

माधवरावांनी माळेला हात लावला आणि तळहात पुढं केला. व्यंकटरावांनी त्यावर हुरडा ठेवला. माधवरावांनी तो खाल्ला, सावकाश, डोळे मिटून, पण तो आता थंड झाला होता. त्यांनी नुसती मान हलवली. मग कमलबाईंनी हेमाबाईंपुढं पान ठेवलं होतं, त्यातली धिंगरी उचलून तोंडात टाकली. परत डोळे मिटले. ह्या वेळी बराच वेळ. व्यंकटराव त्यांच्या तोंडाकडं बघत होते, आणि वाक्य कुणीकडं चाललंय ते त्यांना निघायच्या आधीच दिसलं.

"वहिनी," माधवराव डोळे उघडून म्हणाले, "अख्ख्या जिल्ह्यात असा हात न्हाई."

नंतर सगळ्यांनी पोटभर हुरडा खाल्ला, बोरं खाल्ली, ढाळे खाल्ले. व्यंकटरावांनी कणसं भाजली, चोळली, वाढली. ते हसलेही. उन्हं कलली तशी हेमाबाई धिंगरीची पुडी पदरात बांधून बसला गेल्या आणि माधवराव जाताना म्हणाले, पुढच्या वर्षी दोन्ही ठेवा बरं का. दोन्ही! व्यंकटरावांना ते "दोन्ही" फाट्यापर्यंत ऐकू येत राहिलं.

रानात दोघंच उरली. कमलबाई तवा राखेनं घासत होत्या. व्यंकटराव उरलेल्या हुरड्याच्या गोणपाटाशी बसले होते.

"तू त्याला सांगितलं न्हाईस," ते म्हणाले.

"न्हाई."

"कामून?"

कमलबाई घासतच राहिल्या.

"बरं, ते ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. त्यांना खरं विचारायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते दुपारपासून बोचत होतं. "पहिली मूठ मला कशाला दिलीस? पाव्हणा समोर बसलेला. मान पाव्हण्याचा असतोय."

कमलबाईंनी तवा बाजूला ठेवला. "तुमच्या रितीत. माझ्या रितीत पहिली मूठ घरच्या मानसाची." हात पदराला पुसला. "लगीन झाल्यापसनं तुमच्या आगटीवर यायलेय मी. अजून एकदाबी माझ्या हातावर पडली न्हाई. तुमी सगळे उठून गेल्यावर ह्या गोणपाटातलं झाडून खाते. गरम कसा लागतो तुमचा हुरडा, ते मी माधवरावांच्या तोंडाकडं बघूनच शिकले."

व्यंकटरावांनी गोणपाटाकडं बघितलं. इतकी वर्षं आपण कुणाच्या तोंडाकडं बघत होतो आणि आपल्या पाठीमागून कोण बघत होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं. आणि त्यातही, खोटं कशाला सांगू, त्यांना पहिल्यांदा काय आठवलं असेल तर दाराआडचा तो मऊ आवाज. तो भुसाला होता. आपल्यालाही मिळाला असता, असं त्यांना वाटलं.

त्यांनी गोणपाटातला हुरडा गोळा केला, नीट फोल निवडून मूठ केली आणि कमलबाईंपुढं धरली.

कमलबाईंनी दोन दाणे उचलून दाबून बघितले. थंड हुरडा चिवट होतो, हे त्यांना सांगायला नको होतं.

"हा नगं," त्या म्हणाल्या आणि दाणे परत त्यांच्या मुठीत टाकले. "उद्या ताजा भाजा. भुसाला पानी टाकलं की येते मी."